चौदाव्या मात्रेवर

अडतीस हजार.
मी पुन्हा विचारलं, कारण जेल रोडवर
एका वेळी सहा स्पीकर सहा गाणी ओकत असतात
आणि आकडे नीट ऐकू येत नाहीत.
मुर्तझाभाईनं बोटांनी दाखवलं. तीन. मग आठ.
मग काच सारून आतून काढला,
काळा, जड, मखमलीत निजवलेला,
आणि जावयाला आहेर द्यावा तसा दोन्ही हातांनी पुढे केला.

माझा जुना पिशवीत होता. साडेअकराशेचा.
डाव्या कानाची गादी सोलवटलेली,
मानेवर तिचे काळे कपचे सापडतात
आणि कुंदा म्हणते, तुमचं संगीत गळून राहिलंय.

"अपनी चीज़ लगाओ, भिया. अपनी चीज़ पे ही पता पड़ता है."
म्हणून नंद लावला.
सत्त्याऐंशीचा, रामबागेतल्या बैठकीचा,
कोरान्न्यांनी खांबाआडून टेप केलेला,
कॅसेटवरून सीडीवर, सीडीवरून फोनमध्ये,
इतक्या घरी नांदून आलेला
की माहेर त्याचं त्यालाच आठवू नये.
पाठ आहे मला. बाई जिथे श्वास घेतात
तिथे मीही घेतो.

आधी जेल रोड गेला.
दार लावून घेतल्यासारखा नाही,
तिथे रस्ता कधी नव्हताच, असा.
मग तानपुरे. दोन होते!
इतकी वर्षं मी एकच धरून चाललो होतो.
दुसऱ्याचा पंचम जरा उतरलेला,
तो कुणीतरी अंतऱ्याआधी हळूच चढवला.
तबलजीची अंगठी डग्ग्याच्या कडेला लागत होती.
बाहेर सायकलची घंटी.
कपबशा. म्हणजे मध्यंतर जवळ आलेलं.

हे गाणं का?
अडतीस हजारांत मी काय घेत होतो,
नंद, की त्या कपबशा?
बाईंचा सूर होता तिथेच होता.
थोडं पुढे बसायला मिळालं, एवढं कबूल.
तेव्हा मी पार मागे होतो, चपलांपाशी,
चोवीस वर्षांचा, तिकीट न काढलेला.

आणि मग ती तान.
तार षड्जावरून सुटलेली, वळसे घेत समेकडे येणारी,
आणि चौदाव्या मात्रेला
कुणीतरी घाईनं, मोठ्यांदा, "वा!"

समेवर सगळी बैठकच वा म्हणते,
त्या गर्दीत हा आजवर मिसळून जायचा.
आता एकटा. उघडा. मागून, चपलांच्या बाजूनं.
मी मागे सरकवून पुन्हा ऐकलं.
मग तिसऱ्यांदा.
"बेस तगड़ा है ना?" मुर्तझाभाई म्हणाला.

तो मी होतो.
आणि त्यानंतरच्या दोन मात्रांत बाईंचा आकार
किंचित रुंद झाला होता.
सूर न सोडता माणूस हसतो, तेव्हा होतो तसा.

घेतला नाही.
दोनशे ऐंशीच्या गाद्या तेवढ्या घेतल्या.
मुर्तझाभाईनं पिशवीत स्वतःचं कार्ड टाकलं,
रागावला नाही, त्यानं असे पुष्कळ पाहिलेत.

रात्री जुन्यावर तोच नंद लावला.
दोन्ही तानपुरे होते.
अंगठी होती.
चौदाव्या मात्रेला मी होतो, हजर, आगाऊ.
सगळं साडेअकराशेत आधीपासून होतंच,
फक्त कुठे पाहायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.
हे मुर्तझाभाईला कळलं
तर तो नुसत्या ऐकण्याचेही पैसे लावील.

ते हसू मात्र
कधी येतं, कधी येत नाही.
येतं तेव्हाही खात्री नसते
की ते बाईंचं आहे, की मीच तिथे ठेवलेलं.

ऑगस्टमध्ये एक एफडी सुटते आहे.
कार्ड पाकिटात आहे.
कुंदाला अजून काही बोललो नाही.